कोंबडीच्या तळव्याची गाठ बरी होऊन पुन्हा पुन्हा का येते?

पाय सुजतो, लंगडते. गरम पाण्यानं शेकलं, हळद-तेल बांधलं, आठ दिवसांत कोंबडी पुन्हा परसात उकरायला लागली. महिन्याभरानं तोच पाय, तीच गाठ, मध्ये तीच काळी खपली. परसातल्या कोंबड्यांचं हे दुखणं जवळजवळ नेहमी याच चालीनं जातं. म्हणून इथे भर पाय एकदा बरा करण्यापेक्षा तो पुन्हा का सुजतो यावर आहे.

डॉक्टर याला बंबलफूट म्हणतात. घरात कोणी कुरूप म्हणतं, कोणी फोड, कोणी नुसतं ‘पाय धरलाय’. कुरूप हा शब्द सुरुवातीच्या अवस्थेला चांगला बसतो. तळव्याच्या गादीवर एकाच जागी दाब पडत राहतो, कातडं आधी गुळगुळीत आणि लालसर होतं, मग जाड होतं, मग त्याला बारीक भेग पडते. त्या भेगेतून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकस ऑरियस असतो. तो कातड्यावर आणि खुराड्यात एरवीही असतोच. त्यामुळे ‘जंतू कुठून आला’ हे शोधण्यात वेळ घालवू नका. ‘कातडं का फुटलं’ हे शोधा.

पुन्हा उलटण्याची कारणं तीनच, आणि ती याच क्रमानं सापडतात: आतली गुठळी निघालेलीच नसते, पट्टी बांधली तरी कोंबडी त्याच जागेवर भार देत असते, किंवा पाय बरा होतो आणि ज्या दांडीवरून, ज्या फरशीवर, ज्या ओल्या तुसात तो बिघडला तिथेच कोंबडी परत जाते.

गुठळी म्हणजे काय

माणसाच्या गळवातला पू पातळ असतो. दाबला की वाहतो, निचरा झाला की ठणका थांबतो. पक्ष्यांचं तसं नाही. त्यांच्या पांढऱ्या पेशींत पू विरघळवणारा एक महत्त्वाचा घटक कमी असतो, त्यामुळे पू पातळ न राहता घट्ट होत जातो. उकडलेल्या अंड्याचा बलक जसा कोरडा आणि भुरभुरीत असतो तसा, आणि जुना झाला की रबरासारखा. या गुठळीत रक्त फिरत नाही. रक्त नाही म्हणजे पाण्यातून दिलेलं किंवा टोचलेलं औषधही तिच्या आत पोचत नाही. भोवतीची सूज उतरते, कोंबडी चालते, औषध थांबतं, आणि गुठळीतले जंतू पुन्हा पसरतात. ‘अँटिबायोटिक दिलं तरी उलटलं’ याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

आधी ओळख पक्की करा

पाय सुजलेली प्रत्येक कोंबडी बंबलफूटची नसते. पाय धुऊन, उलटा करून, बॅटरीच्या उजेडात बघा. धुतल्याशिवाय काहीही ठरवू नका. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडची काळी माती तळव्याला चिकटून वाळली की हुबेहूब खपलीसारखी दिसते, आणि ती ओढून काढताना चांगलं कातडं निघून येतं.

तळव्याच्या मधोमध किंवा बोटाच्या गादीवर गोल काळी-तपकिरी खपली, भोवती कडक सूज, हाताला गरम: हे बंबलफूट. सूज तळव्याला नसून बोटाच्या मुळाशी असेल, तर आधी दोरा शोधा. पोत्याची सुतळी, मांजा, बायकांचे लांब केस बोटाला गुंडाळून आत रुततात आणि बोट काळं पडतं. तो कापून काढला की अर्धं काम झालं. नडगीवरचे खवले उचललेले, पांढुरके, चुन्याचा थर बसल्यासारखे दिसत असतील तर ती खरजेची कीड आहे. तिचे उपचार वेगळे. दोन्ही पायांचे घोटे आणि तळवे एकाच वेळी सुजून गरम लागत असतील, कळपात दोन-चार कोंबड्यांना तसंच असेल आणि खपली कुठेच नसेल, तर सांध्याचा मायकोप्लाझ्मा (सांधे सुजवणारा जंतू) संशयात घ्या. तो घरी शेकून जात नाही. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडलेली तरणी कोंबडी बहुधा मॅरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या आजाराची) असते, तिच्या तळव्याला काही नसतं.

एक वेगळा इशारा. नडग्यांवर जांभळे-लाल डाग, डोकं-तुरा सुजलेला आणि कळपात धडाधड मरतूक असेल तर हात लावू नका, कापू नका, मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा. ते पायाचं दुखणं नव्हे, बर्ड फ्लू असू शकतो.

कुठवर गेलंय

पहिली पायरी: कातडं लाल, गुळगुळीत, थोडं जाड, पण फुटलेलं नाही. इथे औषध लागतच नाही. दांडी आणि जमीन बदलली की दोन-तीन आठवड्यांत कातडं पूर्ववत होतं.

दुसरी: खपली आहे, तिच्याखाली वाटाण्याएवढी किंवा त्याहून लहान गाठ, कोंबडी पाय टेकते पण टेकताना बिचकते. हे घरी होण्यासारखं आहे. पुढची सगळी कृती याच पायरीसाठी लिहिली आहे.

तिसरी: गादी फुगून बोटांच्या मधल्या जागा भरून आल्यात, सूज पायाच्या वरच्या बाजूनेही दिसते, बोटं मिटत नाहीत, घोटा गरम आहे, कोंबडी बसूनच खाते. संसर्ग शिरेपर्यंत (म्हणजे बोटं हलवणाऱ्या दोरीपर्यंत, रक्तवाहिनी नव्हे) किंवा हाडापर्यंत गेलेला असू शकतो. इथे घरच्या ब्लेडला काही काम नाही, सरळ दवाखाना.

दुसरा पाय बघायला विसरू नका. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्यावर जातो आणि पंधरा दिवसांत तोही लाल होतो.

घरची कृती

संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात गेल्यावर करा. अंधारात त्या धडपडत नाहीत. दुपारनंतर दाणे देऊ नका. भरल्या पोटाने कोंबडीला उताणं केलं की गळ्याच्या पिशवीतलं पाणी तोंडात येतं आणि श्वासनळीत जातं.

जवळ ठेवायचं साहित्य: टब, एप्सम सॉल्ट, बीटाडिनचं ५ टक्क्यांचं द्रावण, सलाईनची लहान बाटली, सुई नसलेली १० किंवा २० मिलीची सिरिंज, निर्जंतुक गॉज, बोथट टोकाचा चिमटा, मऊ टूथब्रश, रबरी हातमोजे, एक पंचा, आणि पट्टीसाठी स्वतःलाच चिकटणारं लवचिक बँडेज. औषधाच्या दुकानात ते कोहेसिव्ह बँडेज म्हणून मागा, जनावरांच्या औषधांच्या दुकानात वेटरॅप म्हणून. हातमोजे सोडू नका. हाच जंतू माणसाच्या हाताच्या कापलेल्या जागेतही शिरतो. आणि हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका.

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ऊस-भाजीच्या खतांच्या दुकानातही याच नावाची पोती मिळतात, पण ते शेतीचं असतं आणि शुद्धतेचा भरवसा नसतो. १०० ग्रॅमचं पाकीट औषधाच्या दुकानातून घ्या. नसेलच तर साधं मीठ, लिटरला दोन चहाचे चमचे.

दोन लिटर कोमट पाण्यात एप्सम सॉल्टचे दोन मोठे चमचे. पाणी कोपराला सुखद लागेल इतकंच गरम. कोंबडीला पंच्यात गुंडाळा, डोळे झाका, नडगीपर्यंत पाय बुडेल असं मांडीशी धरून बसा. १५ ते २० मिनिटं. पाणी गार झालं की बदला. कोंबडीला ते पिऊ देऊ नका, एप्सम सॉल्ट हे जुलाबाचं औषध आहे.

छाती दाबून धरू नका, ही सगळ्यांत महत्त्वाची सूचना. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. ती छातीचं हाड वर-खाली करून श्वास घेते. घट्ट आवळलेल्या पंच्यात ती शांत झाली असं वाटतं आणि प्रत्यक्षात गुदमरत असते. तोंड उघडून धापा टाकायला लागली की लगेच सोडा, उरलेलं उद्या.

पाय मऊ झाला की साबण आणि ब्रशने तळवा घासा, धुवा, टिपा. एक भाग बीटाडिन आणि नऊ भाग पाणी, म्हणजे फिक्या कोऱ्या चहाचा रंग. त्यात गॉज भिजवून दोन मिनिटं तळव्यावर धरा. आता खपलीची कड चिमट्याने सगळीकडून थोडी थोडी सैल करा. एकाच बाजूने उचकटू नका. खपली सैल झाली की सरळ वर ओढा. बऱ्याचदा तिच्या खालच्या अंगाला गुठळी चिकटलेली असते आणि बाटलीच्या बुचासारखी अख्खी निघते. खाली खळगा राहतो. सिरिंजमध्ये सलाईन भरून तो दोन-तीनदा धुवा. भुरभुरीत पिवळे कण निघत असतील तोवर धुवत राहा. रक्त आलं तर गॉज दाबून पाच मिनिटं धरा. मध्ये उचलून बघण्याचा मोह टाळा.

गुठळी आली नाही तर? इथेच पाय बिघडवला जातो. पिळू नका. माणसाच्या गळवाच्या सवयीने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं की घट्ट पू वर न येता बाजूच्या शिरांच्या कडेने आत सरकतो, आणि दुसऱ्या पायरीचा पाय तिसरीत जातो. त्याऐवजी खळग्यात बीटाडिनचं मलम भरा, पट्टी बांधा, उद्या पुन्हा शेका. रोज शेकल्यावर पाच ते सात दिवसांत गुठळी आपोआप पृष्ठभागाकडे येते आणि सुटते. सात दिवसांत सुटली नाही तर ती कापूनच काढावी लागेल, आणि ते काम डॉक्टरांचं.

ब्लेड लावून कापणारे पुष्कळ व्हिडिओ फिरतात. आमचं मत साफ विरोधात आहे. तळव्याच्या गादीखाली बोटं मिटवणाऱ्या शिरा अगदी जवळून जातात. एक कापली गेली की बोट कायमचं निकामी. शिवाय कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नव्हे. बधिर करण्याचं इंजेक्शन घरी देणं तर आणखी धोक्याचं, कारण पक्ष्यांत माणसाच्या अंदाजाने दिलेली मात्रा सहज जीवघेणी ठरते.

पट्टी: इथे सगळे चुकतात

गुठळी निघाली, खळगा स्वच्छ आहे, वर मलम आहे. आता गॉज ठेवून आवळून बांधलं की काम झालं असं वाटतं. पण कोंबडीचा दीड-दोन किलोचा भार पुन्हा त्याच खळग्यावर येतो. म्हणून भार बाजूला न्यायला हवा.

जुनी हवाई चप्पल घ्या. टाचेकडच्या स्पंजातून तळव्याएवढा गोल कापा, जाडी साधारण एक सेंटीमीटर. मधोमध जखमेपेक्षा थोडं मोठं भोक पाडा. साबणाने धुवा, बीटाडिनच्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा. जखमेवर मलम, त्यावर न चिकटणारा गॉज, त्यावर ही चकती, भोक जखमेवर येईल अशी. भार आता कडेवर येतो आणि जखम मोकळी राहते. कापसाचा बोळा यासाठी चालत नाही, अर्ध्या तासात दबून सपाट होतो आणि त्याचे धागे जखमेत अडकतात.

बँडेजची अडीच सेंटीमीटर रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. नडगीभोवती एक सैल वेढा, तिथून पहिल्या दोन बोटांच्या मधून खाली, तळव्याखालून, पुढच्या दोन बोटांच्या मधून वर, असं प्रत्येक बोटाच्या फटीतून एकदा. शेवट नडगीवर. मागचं बोट मोकळं सोडा. बँडेज ओढून लावू नका, गुंडाळीतून सोडवून मग नुसतं ठेवत जा. ते आपल्या लवचिकपणाने तास-दोन तासांनी आणखी आवळतं. तासाभराने बोटांची टोकं हाताळा. दुसऱ्या पायापेक्षा गार किंवा फुगलेली वाटली तर पट्टी सोडून पुन्हा बांधा. विजेची काळी टेप थेट वेढू नका. ती सैलही होत नाही आणि आतली ओलही जाऊ देत नाही.

पहिले तीन दिवस रोज पट्टी बदला, पुढे दिवसाआड. भिजली तर लगेच, वेळ बघू नका. ओली पट्टी ही पट्टी नसण्यापेक्षा वाईट. खळग्याच्या तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायला लागलं आणि पुसताना टाचणीएवढे रक्ताचे ठिपके आले तर गाडी रुळावर आहे. तळ पांढरट राहिला किंवा कुजका वास आला तर आत गुठळीचा तुकडा उरलाय. लहान जखम दोन ते तीन आठवडे घेते, खोल जखम दीड-दोन महिने. कोंबडी पाचव्या दिवशी धावायला लागते, तेव्हा पट्टी सोडून देणं हे उलटण्याचं दुसरं मोठं कारण. चालणं सुधारलं म्हणजे भोक भरलं असं नाही. नवं कातडं सलग दिसेपर्यंत चकती काढू नका.

तोवर तिला वेगळं ठेवा, पण कळपाच्या नजरेआड नको. तीन आठवडे दिसली नाही तर परत सोडल्यावर बाकीच्या तिला टोचून काढतात. डालगं सिमेंटच्या कोब्यावर पालथं घालून त्यात ठेवायची पद्धत आहे. तसं करायचं तर खाली गोणपाटाच्या चार घड्या आणि त्यावर जुनी चादर घाला, रोज बदला. दांडी नको. दाणा-पाणी मान वळवून पोचेल इतकं जवळ.

काय लावू नये

बिब्बा. काटा रुतल्यावर बिब्ब्याचं तेल लावायची आपल्याकडची जुनी सवय आहे. ते कातडं जाळतं, आणि ज्या दुखण्याचं मूळच फाटलेलं कातडं आहे तिथे आणखी जाळणं म्हणजे काय ते सांगायला नको. डागणी आणि ओला चुना यांचंही तेच. जनावरांच्या जखमेत अळ्यांसाठी टर्पेंटाईन टाकतात, ते कोंबडीच्या पायावर नको. पावसाळ्यात अळ्या पडल्याच तर चिमट्याने वेचा आणि सलाईनने धुवा. हळद-तेलाने फारसं वाईट होत नाही, पण पाय पिवळा होऊन लाली झाकली जाते आणि दुखणं वाढतंय की उतरतंय ते कळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साईड पहिल्या दिवशी एकदा चालेल. रोज ओतलं तर नवं मांस तेच खातं.

घरातली दुखण्याची गोळी मुळीच नको. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी देशात २००६ पासूनच बंद आहे, गिधाडांच्या मरतुकीमुळे. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकवरही तशीच बंदी आली. दुखणं कमी करणारं औषध डॉक्टर वजन बघून देतील.

दवाखान्यात जाताना

तिसरी पायरी, सात दिवसांत न सुटलेली गुठळी, किंवा एकाच पायाला तिसऱ्यांदा गाठ: यातलं काहीही असेल तर जा. नेण्याजोगी नसेल तर फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ हा नंबर आहे. कोंबडीचं वजन ताणकाट्यावर पिशवीत घालून आधीच करून ठेवा, मात्रा त्यावरच ठरते.

डॉक्टर कानडी बोलणारे असतील आणि आपलं कानडी कच्चं असेल तर एवढं पुरतं: ‘कोळी कालिगे बावु बंदैति’, कोंबडीच्या पायाला सूज आलीय. पू म्हणजे ‘कीवु’. दोन शब्दांनी गोंधळ होतो: त्यांची कोळी म्हणजे आपली कोंबडी, आणि त्यांच्या तोंडी ‘गाय’ आलं तर ते जखमेबद्दल बोलतायत, गोठ्यातल्या गायीबद्दल नव्हे.

अँटिबायोटिक दिलं तर दोन गोष्टी विचारून लिहून घ्या: किती दिवस द्यायचं, आणि किती दिवस अंडी व मांस खायचं नाही. दुकानातून पावडर आणून सगळ्या कळपाच्या पाण्यात घालणं हा पैसा वाया. आजारी कोंबडी सगळ्यांत कमी पाणी पिते, म्हणजे तिला मात्रा अपुरी आणि निरोग्यांना फुकटची. दोन-तीन औषधं देऊनही उलटत असेल तर पू तपासून औषध ठरवता येईल का, हे विचारा.

खुराडं

आता खरं कारण. गाठ किती कोंबड्यांना आहे ते मोजा. एकीलाच असेल तर तिचं वजन, तिची झोपायची जागा, तिची नखं बघा. तिघी-चौघींना असेल तर दोष जागेचा. सगळ्यांचा उजवाच पाय असेल तर त्या रोज कुठून उडी मारून कशावर उतरतात ते सकाळी उभं राहून बघा. कारण दहा मिनिटांत सापडतं.

जिल्ह्याच्या दोन टोकांना कारणं वेगळी. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे ओल हेच मूळ. मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत खुराडं वाळत नाही. ओल्यात उभं राहून तळव्याचं कातडं फुगतं आणि विष्ठेतला अमोनिया त्याला चरतो. मग जांभ्याचा एक धारदार खडाही पुरतो. तिकडे अथणी-रायबागच्या कोरड्या भागात ओल नसते, सराटे आणि बाभळीचे काटे असतात. कुंपणाच्या फांजरीतला (काटेरी फांद्यांतला) काटा तळव्यात मोडून राहतो आणि वर खपली धरते. म्हणून तिकडच्या कोंबडीची गुठळी काढल्यावर खळग्यात काट्याचं टोक शोधल्याशिवाय पट्टी बांधू नका. टोक आत राहिलं तर चपलेची चकती काय करणार?

ओलीसाठी भाताचं तूस चांगलं, आणि खानापूरच्या बाजूला गिरणीत सहज मिळतं. तीन इंच थर घाला, दिवसाआड खालचा वर करा. उसाचं पाचट अंथरू नका. लांब पानं एकमेकांत बसून चटई होते, खाली बुरशी धरते. तपासणी सोपी आहे: मूठभर तूस आवळा आणि सोडा. भुरभुरून पडलं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर बदला. वासाची पारखही उभं राहून करू नका, कोंबडीच्या उंचीला वाकून करा. डोळे चुरचुरले तर उशीर झालाय. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा. खुराड्यातली निम्मी ओल पावसाची नसते, भांड्यातून सांडलेली असते.

दांडी. ही चूक सर्वत्र. गावरान कोंबडी सव्वा-दीड किलोची, पंख हलकी, ती आंब्यावरूनही अलगद उतरते. बेंगळुरूच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज पाहिली तर कोंबडी तीन किलोच्या पुढे आणि कोंबडा चार-पाच किलोचा. तिला गावरानच्याच पाच फुटी दांडीवर बसवलं तर ती रोज सकाळी दगडासारखी खाली आदळते. गावरानला अडीच-तीन फूट चालेल, गिरिराजसारख्या जड जातीला एक ते दीड फुटाच्या वर नको. दोन्ही एकाच खुराड्यात असतील तर उंची जड कोंबडीच्या हिशोबाने ठेवा, कारण सगळ्यांना सगळ्यांत उंच जागाच हवी असते. उतरायच्या जागी हातभर रुंद पट्ट्यात तूस किंवा वाळू जाड घाला.

अख्खा बांबू गोल असला तरी गुळगुळीत असतो. पाय घसरू नये म्हणून कोंबडी रात्रभर पंजा आवळून बसते, आणि पेराची कड नेमकी तळव्यात रुतते. चिरलेला बांबू तर सुरीच. साधारण दोन इंच जाडीची सालीसकट फांदी उत्तम. चौकोनी रिप असेल तर सुताराकडून कडांवर रंधा फिरवून घ्या. प्रत्येक कोंबडीला वीतभर जागा. जाळीचा तळ असेल तर निदान निम्म्या भागावर फळी टाका. आणि खिळे. जुन्या फळ्यांच्या खुराड्यात हात फिरवून बघा, डोळ्यांना दिसत नाहीत.

खाण्याचं थोडक्यात. नुसती पांढरी ज्वारी आणि तांदळाच्या कण्यांवर ठेवलेल्या कोंबडीला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडं कमजोर होतं, शिवाय ती लठ्ठ होते. पिवळा मका मिसळा, शेवग्याचा पाला, मेथी, लसूणघास रोज मूठभर टांगा. जमिनीवर टाकू नका, तुडवून ओल करतात. छातीचं हाड चाचपता येत नसेल तर दाणे कमी करा. नखं फार वाढून वळली असतील तर भार मागे तळव्यावर जातो. टोकाचा रंगहीन भाग तेवढा कापा.

बरी झालेली कोंबडी परत सोडल्यावर दर पंधरा दिवसांनी रात्री दांडीवरून उचलून दोन्ही तळवे बॅटरीने बघा. लाल, गुळगुळीत ठिपका दिसला तर त्याच रात्री दांडीची उंची मोजा.